पाठमोरी माणसं काढणारे देवराव भाऊ

आईला वाघानं मारलं आणि मी खापर एका पेंटरच्या डोक्यावर फोडलं.

तो पेंटर आज सकाळी गेला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या आमच्या गावचे देवराव भाऊ. शिक्षण चौथी. चित्र काढायला कोणी शिकवलं नाही. राइस मिलच्या भिंती, दुकानांची शटरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवता रंगवता हात बसला. उरलेल्या ऑइलपेंटनं घरी प्लायवुडवर माणसं काढायचे. हुबेहूब.

आई गेली त्या वर्षी आमच्या जंगलात वाघाची दहशत फार वाढली होती. वाघ मागून येतो, डोक्याच्या मागे मुखवटा बांधा, त्याला वाटेल माणूस बघतोय, असं कोणीतरी सांगितलं.

बाजारातून प्लास्टिकचे मुखवटे आले. सगळे एकाच मिशीवाल्या माणसाचे. बायका हसून हसून बेजार.

आई थेट भाऊंच्या दारात.

"भाऊ, हा मिशीवाला मी डोक्यावर घेऊन फिरू काय? माझंच तोंड काढून द्या ना."

भाऊंनी तिला ओट्यावर बसवलं आणि पुठ्ठ्यावर तिचा चेहरा काढला. नाकाजवळच्या मसासकट. मग गावातल्या सगळ्याच बायकांना आपापला चेहरा पाहिजे झाला. भाऊंनी सगळ्यांना काढून दिला. फुकट.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. जन्मभर मोहफुलं वेचणाऱ्या बायकांच्याही नाही.

मोहफुलं वाकून वेचतात.

वाकलं की मागचा चेहरा आभाळाकडे बघतो.

एरवी आई चारचौघींबरोबर जायची. त्या सकाळी एकटीच गेली. मुखवटा होता ना.

तो तिच्याजवळच पडलेला सापडला. एक ओरखडा नाही त्यावर.

मी चंद्रपूरहून पोचले तेव्हा भाऊ अंगणात उभे होते. सगळ्या गावासमोर मी ओरडले, "भाऊ, तुमच्या पुठ्ठ्याच्या भरवशावर गेली ते! तुम्ही मारलं माझ्या आईले!"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी घरोघरी जाऊन मुखवटे गोळा केले आणि चुलीत घातले.

त्यानंतर त्यांनी चेहरा काढला नाही. कोणाचाच.

फक्त पाठी. मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, बांधीत धानाची रोपं लावणारी, रोवणी करणारी माणसं. सगळी पाठमोरी, वाकलेली. आणि प्रत्येक चित्रात एक माणूस सरळ उभा, झाडीकडे तोंड करून.

मागच्या वर्षी कोणीतरी नागपूरला त्यांचं एक्झिबिशन लावलं. मी गेले. माफी मागायची असं ठरवूनच गेले.

एक साहेब विचारत होते, चेहरे का नाहीत?

"चेहऱ्यानं काई होत नाई, साहेब."

मी विचारलं, "भाऊ, हा उभा माणूस कोण?"

"राखणदार. वाकणाऱ्याच्या मागं कोणीतरी उभं पाहिजे, बाई."

माफी मागितलीच नाही. चहा घेतला. तब्येत विचारली. "खोकला जाऊन नाई राह्यला," म्हणाले. मी बस पकडून परत आले.

आज त्यांच्या सुनेचा फोन आला. फुप्फुसं पार निकामी झाली होती.

आता जे लिहितेय ते आजवर कोणाला सांगितलं नाही.

आईनं मला फोन केला होता, आदल्या दिवशी. "दोन दिवस ये ना वं. या वर्षी मोहा लय पडून राह्यला. तू नुसती उभी राहा, मी वेचतो."

मी म्हटलं, लिव्ह नाही.

लिव्ह होती. मला कंटाळा आला होता.

तो फोन तिनं भाऊंच्याच मोबाइलवरून केला होता. त्यांच्याच ओट्यावर बसून. फोन स्पीकरवर होता, माझं उत्तर त्यांनीही ऐकलं होतं.

अंगणात मी ओरडत होते तेव्हा हे त्यांना माहीत होतं. नंतरही कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

भाऊ, तुम्ही नाही मारलं तिला. हे तुमच्यासमोर म्हणायला पाहिजे होतं.

माफ करा. शेवटचा जयभीम.