तीन नंबरची विहीर

देवासची दोन्ही राज्यं विलीन झाली तेव्हा मी आरोग्याच्या कचेरीत कारकून होतो. शहर एकच, पण थोरल्या पातीनं, म्हणजे राजघराण्याच्या थोरल्या शाखेच्या राज्यानं, आपल्या विहिरींना वेगळे नंबर दिलेले आणि धाकटीनं वेगळे. पाणी तपासून आलं की निकाल कार्डावर उतरवायचा आणि पेटीत लावायचा, हे माझं काम. नवे साहेब म्हणाले, "आता पात्या राहिल्या नाहीत. नावं सुटसुटीत करा." मी सगळी कार्डं नव्यानं लिहिली आणि पातीचा शब्द गाळला. मूळ कागद नव्या सरकारकडे ग्वाल्हेरला गेले.

त्या उन्हाळ्यात पटकी आली. पेटीतून दोन कार्डं निघाली. दोन्हींवर 'विहीर ३', दोन्हींवर माझंच अक्षर. एकावर 'पाणी चांगलं', दुसऱ्यावर 'दूषित'. विहिरीत टाकायचं लाल औषध एका विहिरीपुरतंच उरलं होतं. इंदूरहून आणखी यायला दोन दिवस.

"कोणती?" साहेबांनी विचारलं.

मला काही केल्या आठवेना. धाकट्या पातीच्या विहिरीवर माझी आक्का पाणी भरायची. ती विहीर वाईट असेल हे मनाला पटेना. मी म्हणालो, "थोरल्या पातीची."

औषध तिकडे गेलं. मी मात्र भर दुपारी आक्काच्या विहिरीकडे पळालो. "उकळल्याशिवाय पिऊ नका हो," बायकांना हात जोडून सांगत होतो. एक म्हातारी म्हणाली, "भिया, इतनी लकड़ी कहाँ से लाएँ?" आक्कानं माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक आहे का, की नुसतं सांगतोयस?"

"ठाऊक नाही, आक्का."

तिनं घागर भरून उचलली. दुसरं काय करणार?

औषध आलं तोवर तिची जाऊ पटकीनं गेली होती. फेरतपासणीत धाकट्या पातीचीच विहीर दूषित निघाली. पुढचे कित्येक दिवस मी एकेका विहिरीवर जाऊन, लोकांना विचारून, कार्डांवर पाती, मोहल्ला, महिना, सगळं लिहून काढलं.

मग आक्काला खरं सांगितलं: पातीचा शब्द मीच गाळला होता आणि साहेबांना अंदाजानंच उत्तर दिलं होतं. ती म्हणाली, "एक शब्द लिहायला तुला इतका जड झाला होता?"

त्या वर्षी भाऊबीजेला तिनं निरोप पाठवला, येऊ नकोस म्हणून. तरीही मी गेलो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं, आणि मला बाहेरच थांबायला सांगितलं.