नागपुरात शिवलेलं जाळं

माही फजिती आयकाची हाय ना? मंग आयका, पण मधात हासायचं नाई. अन् चूक माही होती असं मी आजही म्हणत नाई, हे पयलेच सांगून ठेवतो.

आम्ही आरमोरीकडचे ढीवर. तलावात जाळं टाकायचं, मासोळ्या विकायच्या. पोरगी सुनंदा मात्र नागपुरात चित्रकलेच्या कॉलेजात. तिचं काम एका संग्रहालयात मांडलं होतं. तीन वाजता परीक्षक येणार, अन् त्याच्यावरच तिचं पास-नापास.

"बाबा, तीनलेच या," ती म्हणे. काय मांडलं ते काही सांगे ना.

मी एक वाजताच पोचलो. संग्रहालय असं, का बाजूच्या पानठेलेवाल्यालेही ठाऊक नाई. चौकीदार दारात पेंगून राह्यला. आत चिटपाखरू नाई. पाहत पाहत गेलो, तर मधातच एक जाळं टांगलेलं, अन् त्याले म्हैस निघून जाईन एवढं भोक!

डोस्कंच फिरलं. आमच्यात फाटकं जाळं टांगत नाई, पयले शिवतात. खाली कागद चिकटवला होता, पण चष्मा गावीच राह्यला. पिशवीत सुई-दोरा असतेच. बसलो शिवाले.

तीन वाजत आले तवा भोक बंद. तेवढ्यात चौकीदार धावला.

"ओ काका, हे काय करून राह्यले?"

"शिवून राह्यलो. ज्याचं हाय त्याले सांग, एक नंबरचा आळशी हाय तू. काऊन बे, लाज नाई वाटत लोकायले दाखवाले?"

मागं पाहतो तर परीक्षकबाई, अन् बाजूले सुनंदा. चेहरा पांढराफटक.

"बाबा, हे आपलंच जाळं हाय. माळ्यावरचं."

आता दहा वर्षं हात नाई लावला, तर वळखू कसं येईन, तुम्हीच सांगा?

परीक्षकबाईनं कागद वाचला. "कामाचं नाव 'उद्या शिवतो'. खाली लिहिलंय, 'माझे वडील दहा वर्षांपासून असं म्हणतात.' पण इथं तर भोकच नाही."

सुनंदा डोळे पुसून राह्यली. पोरीचं वरीस आपल्या हातानं बुडवलं, हे ध्यानात आलं माह्या. पण मान खाली घालीन तो मी कुठला?

"जे केलं ते चांगलंच केलं," म्हणलं.

तिनं कैची पुढं केली. "बाबा, होतं तसं करून द्या. आत्ताच."

सवयीनं तोंडून निघालं, "उद्या करतो."

परीक्षकबाई डोळ्यातून पाणी येईपर्यंत हासल्या. "पटलं," म्हणाल्या, अन् वहीत नंबर टाकले.

पोरगी पास झाली. माह्याच तोंडानं झाली, पण घरी कोणी कबूल करत नाई. बायको तर म्हणते, "सैपाकखोलीचं छप्परही गळून राह्यलं. तेही नेऊन टांगू का नागपूरले?"