फेरफारमामांची मूठ

माझी नवी कोरी सायकल घरी येऊन चार तास झाले नसतील, तोवर मामांनी तिच्या हँडलच्या दोन्ही मुठी ब्लेडने उभ्या चिरून काढल्या होत्या. मी अंघोळ करून खाली आलो तर काळ्या रबराच्या साली पायरीवर पडलेल्या, आणि मामा उघड्या हँडलवरून फडकं फिरवत बसलेले. नोकरी लागल्यावर मी स्वतःसाठी घेतलेली ती पहिली मोठी वस्तू होती. मामांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "वरडू नको," म्हणाले, "दुकानदारानं तुझा हात बघितला व्हता का?"

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सातपूरच्या कामगार कॉलनीत ते आणि मामी तळमजल्यावर राहत, आम्ही त्यांच्या डोक्यावर. कुठलीही वस्तू दुकानातून आली तशी वापरणं त्यांना जमतच नसे. नव्वदच्या सुमारास मी शाळेत होतो, तेव्हा माझ्या नव्या दप्तराचे बंद त्यांनी पहिल्याच दिवशी उसवले होते. मामीच्या नव्या कुकरची मूठ काढून त्यांनी लाकडाची बसवली, ती कुकरपेक्षा जास्त टिकली. कॉलनीत त्यांना फेरफारमामा म्हणत. लोक नवी वस्तू घेतली की ती पिशवीत झाकून मामांच्या दारावरून नेत. "बनवणाऱ्यानं समद्यांसाठी बनवलंय, आपल्यासाठी कुठं बनवलंय?" हे मामांचं ठरलेलं वाक्य होतं.

दोन हजार पाच-सहाचा काळ. सायकल हायब्रीड जातीची आहे, म्हणजे रस्त्यावर पळते आणि खडीवरही चालते, असं दुकानदाराने मला पढवून पाठवलं होतं. मी ते मामांना ऐकवलं. "हायब्रीड? टमाट्यावाणी?" ते म्हणाले. मूळचे घोटीकडचे, भातशेतीतले. संकरित वाणावर त्यांचा विश्वास नव्हता. "मग चव नसंल तिला. ती आपण आणू."

चव आणायची त्यांची पद्धत अशी होती की कुणीही ऐकून थक्क व्हावं. त्यांनी मामीकडून घट्ट भिजवलेल्या कणकेचा गोळा मागितला आणि माझ्या हातात दिला. "दाब. सायकल धरतो तशी." मी दाबला. मग उलट्या हाताने दुसरा. बोटांचे खळगे उमटलेले ते गोळे त्यांनी कठड्यावर वाळत ठेवले. त्या खळग्यांवर पट्टी लावून ते जुन्या स्लीपरच्या रबराचे तुकडे कापणार, ते सोल्यूशनने हँडलला चिकटवणार, वरून खाटेची नवार गुंडाळणार आणि शेवटी ट्यूबचं रबर चढवणार. पहिले गोळे दुपारी मामीने गाईला घातले. मामा संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते. "पोराचं माप गाईनं खाल्लं!" मामी म्हणाली, "मग गाईला इचारा माप." मला पुन्हा कणीक दाबावी लागली.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मला नंतर कळलं. तीस वर्षं मामा कारखान्यात ग्राइंडरवर उभे होते. ते घरी आले की त्यांचे तळहात बराच वेळ थरथरत. चहाची बशी ते कधीच एका हाताने धरत नसत. "मशीन बंद व्हतं रे, हात नाय व्हत," असं एकदा सहज बोलून गेले होते. माणसाचा तळहात सांभाळला पाहिजे, हे त्यांच्या मनाने फार आधीच घेतलं होतं. आम्ही सगळे हसत होतो.

मुठी झाल्यावर सामानाची पाळी आली. मामा देवळाली कॅम्पच्या बाजारात गेले आणि लष्कराने मोडीत काढलेल्या तंबूचं जाड कापड आणि पट्टे घेऊन आले. मामीच्या मशीनवर चार सुया मोडून त्यांनी कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकतील अशा दोन पिशव्या शिवल्या. "माझ्या ब्लाउजाच्या मशीनवर तंबू शिवतात!" मामी भिंतीला सांगत होती. पिशव्यांना खण होते: डब्याचा, रेनकोटचा, पंक्चरच्या सामानाचा, आणि एक अगदी छोटा, रिकामा. हा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "आज नाय ठाऊक. उद्या लागंल." दांड्याखाली छत्रीसाठी प्लास्टिकच्या पाइपचा तुकडाही बसला.

ती वरात घेऊन मी पहिल्या दिवशी कंपनीच्या फाटकावर गेलो, तर वॉचमनने हात आडवा केला. "कुरिअरवाले बाहेरच थांबा." मी लाजेने अर्धा झालो. पण आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की रोज इतकी सायकल मारूनही माझ्या हाताला मुंग्या येत नाहीत. महिन्याभरात ऑफिसातले तिघे जण मामांचा पत्ता मागू लागले आणि मामीच्या पिठाच्या डब्याने तळ गाठला.

पुढे मला कंपनीची बस मिळाली आणि मी सायकल मामांना देऊन टाकली. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मीच संकोचलो. मग दर गुरुवारी सातपूर ते देवळाली कॅम्प, जाऊन-येऊन, त्यांची फेरी सुरू झाली. कॅम्पच्या बाजारात ते तासन्‌तास भंगार उलटंपालटं करत. मामी म्हणायची, हा माणूस नोकरीत कधी एवढा वेळेवर निघाला नाही.

एका गुरुवारी ते कोपर सोलून आले. "कुत्रं आडवं आलं," म्हणाले. पुढच्या महिन्यात गुडघा फुटला, तेव्हाही कुत्रंच. मग एका रविवारी त्यांनी स्वतःसाठी कणीक मागितली. मुठी आता हाताला बसत नाहीत, नव्या करतो, म्हणाले. उजव्या हाताने गोळा दाबून त्यांनी माझ्यापुढे धरला. तीन बोटांचे खळगे होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोघांच्या जागी कणीक तशीच गुळगुळीत होती. मला वाटलं, नीट धरला नसेल.

"मामा, जोर द्या ना."

"दिला की," मामा म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेतला. ती दोन बोटं मी चिमटली तरी त्यांना कळत नव्हतं. कुत्रं कधीच आडवं आलं नव्हतं; ब्रेक वेळेवर दाबलाच जात नव्हता. आणि हा माणूस दर गुरुवारी ट्रक-बसच्या गर्दीतून जात होता. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षांच्या थरथरीने हाताच्या नसा गेल्या आहेत, सायकल बंद. मामा घरी आले ते थेट हत्यारांच्या पेटीकडे गेले. "ब्रेकचा दांडा लांब करू. तळव्यानं दाबायचा." मी विनवण्या केल्या, मामी रडली. ते कानस शोधत राहिले.

बुधवारी मी बाजारातून साखळीचं कुलूप आणलं आणि सायकल जिन्याच्या कठड्याला बांधून टाकली. गुरुवारी सकाळी मी गॅलरीत उभा राहिलो. मामा टोपी घालून बाहेर आले. त्यांनी कुलूप पाहिलं, हातात धरून उलटंसुलटं केलं, मग वर माझ्याकडे बघितलं. आता शिव्या बसणार म्हणून मी अंग चोरलं. पण ते नुसतंच म्हणाले, "मजबूत हाय," आणि बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तरीही मी कुलूप काढलं नाही. त्यानंतर मामा सायकलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी जिंकलो असंच धरून चाललो होतो.

दीड वर्षाने साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामा गेले. तेराव्यानंतर मामीने मला बोलावलं आणि माझ्या तळहातावर एक चावी ठेवली. मला काही उमगेना. त्या कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या होत्या आणि एक गडबडीत माझ्या हातून सुटली होती, हे मला त्या दिवसापर्यंत आठवलंही नव्हतं.

"तू कुलूप लावलं त्याच सांजेला जिन्यात घावली त्यांना," मामी म्हणाली. "मी म्हटलं, उघडा की मग. तर म्हणले, नको. पोरगं लय भ्यालंय."

दीड वर्ष ती चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि मी माझी उशीखाली ठेवून झोपत होतो.