पाणी हुंगणारा सहप्रवासी

श्रीगजाननाचे स्मरण करून, आज एका बारशाला निघताना आठवलेल्या अनोळखी गृहस्थाविषयी लिहितो. दारव्ह्याच्या बसमध्ये तो शेजारी होता. प्रत्येक घोटाआधी तो बाटली हुंगत असे. मी कारण विचारले.

"महाराज, फवारणीच्या औषधाची कॅन धुऊन वावरात तिच्यातलंच पाणी पेत होतो. नऊ वर्षं लेकरू नाही, लोक बायकोले वांझोटी म्हणत. शेवटी डॉक्टरनं मले तपासलं. म्हणे, दोष तुमच्यात हाय. कॅनीचं सांगतलं तं म्हणे, त्यानंच असन. असं विष अंगात साचून राह्यते."

"मग?"

"कॅन फोडली, फवारणी सोडली, तवापासून हुंगल्याशिवाय पाणी पेत नाही. आता तिले सातवा लागला." तो लाजून हसला. "पह्यले तिच्या पाया पडलो, मंग देवाच्या."

त्या क्रमाने देवही संतोषला असेल.

वाचकहो, तुमच्या घरचे पाणी निर्मळ राहो आणि गृहलक्ष्मीला कोणी वृथा दूषण न देवो.