चकार शब्द काढायचा न्हाई

माझ्या धाकट्या बहिणीचं नाक बाहेरून असं सरळ, की चमकी घातली की बायका वळून बघायच्या. पण सकाळी उठली की डोकं धरून बसायची. झाडायला वाकली की कपाळ फुटतंय म्हणायची. आम्ही उमरीची माणसं. वर्षभर ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, निलगिरीची वाफ दिली. शेवटी मी नांदेडला दिलेली, म्हणून मीच तिला तिथल्या डॉक्टरकडं नेलं.

त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. म्हणाले, "नाकाचा पडदा बऱ्याच जणांचा थोडा वाकडा असतो, त्यानं काही बिघडत नाही. पण हिच्या आतल्या एका हाडात हवेचा फुगा आहे. त्यानं सायनसचं तोंड दाबलंय, घाण आतच साचते. छोटं ऑपरेशन करून घ्या."

त्याच महिन्यात जळकोटचं स्थळ आलं. माय म्हणाली, नाकाचं ऑपरेशन म्हणलं की पाव्हणे उठून जातील. बाप म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. अन् मी, शहरातली, शिकलेली शहाणी! फिल्म मीच माझ्या गादीखाली सारली. मीच तिला बजावलं, "सासरी यातला चकार शब्द काढायचा न्हाई. माझी शपथ हाय तुला." जळो ती शपथ.

लग्न झालं. सोयाबीनची रास सुरू झाली की धुळीनं तिचं नाक गच्च व्हायचं. सासू म्हणायची, कामाच्या वक्ताला बरं हिचं डोकं दुखतं! बहीण फोनवर रडायची, अन् मी काय सांगायचे? "गोळी खा, सोस थोडं, पुढं बघू." दोन वर्षं मी हेच सांगत राहिले. सासू वाईट नव्हती हो. तिला ठावंच नव्हतं, ती तरी काय करणार?

यंदा दिवाळीनंतर बहिणीला ताप चढला. उजवा डोळा सुजून बाहेर आला. सासूनंच जीप करून तिला लातूरला आणलं. मी पोचले तर ती खाटेवर बसलेली, अन् सासू तिचं डोकं छातीशी धरून रडत होती. डॉक्टर म्हणाले, सायनसमधला पू डोळ्याच्या खोबणीत उतरलाय, आत्ताच ऑपरेशन करू, जीव वाचेल. त्या डोळ्याची नजर मात्र आधीच गेलीय. मग कागद भरता भरता त्यांनी विचारलं, "आधी कधी असा त्रास होता का?"

बहिणीनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई."

मी तिथंच सगळं ओकून टाकलं. फिल्म, फुगा, शपथ, सगळं. आता ही बाई माझ्या झिंज्या धरील असं वाटलं. धरल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदरानं बहिणीचं तोंड पुसलं अन् मला एवढंच म्हणाली, "मला सांगायचं की गं माय. मीच घेऊन आले असते."