'कावीळ' हा शब्द माझा होता

"सिंह दिसेलच, असं लेटरहेडवर लिहून द्या," आबा म्हणाले.

"आबा, तो जंगलातला सिंह आहे. मी कसं लिहून देऊ?"

"मंग आमी जायचं कावून? म्हशी बघायला?"

आबा म्हणजे परळीकडच्या एका सहकारी दूध संस्थेचे अध्यक्ष. माझं बीडला छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं. तोवर मी काशी-रामेश्वरच्या बस काढत होतो. ही माझी पहिली परदेशी पार्टी. कागदावर 'पशुपालन अभ्यास दौरा', प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिकेत एक दिवस गोठे आणि सहा दिवस सफारी. त्या वर्षी पाऊस नव्हता, जनावरं चारा छावणीत होती, आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजत होता. एका संचालकाला एसी जीप हवी होती. सफारीची जीप उघडी असते, तिला काचाच नसतात, हे मी त्याला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्यानं विचारलं, "मग एसी कुठं बसवतात?"

सहा संचालक आणि एक साधा सभासद, अशी पार्टी होती. दौरा फक्त पुढाऱ्यांचाच का, असं सभेत कुणीतरी विचारलं होतं, म्हणून ती सातवी जागा. ती सोपानरावांना मिळाली. धर्मापुरीच्या अलीकडे त्यांची वस्ती. दुष्काळातही दुधाचा एक दिवस खाडा न केलेला माणूस. पासपोर्टच्या फोटोसाठी आले तेव्हा म्हणाले, "तिथं बी पाऊस कमीच म्हणत्यात. त्यांची जनावरं काय खात्यात ते बघून येतो." सगळ्या पार्टीत अभ्यासाचं बोललेला हा एकच माणूस.

आता धंद्यातली एक गोष्ट. आमचं तिकीट नैरोबीमार्गे होतं, तिथं मुक्काम होता. त्या भागातून पुढं जायचं तर यलो फीव्हरची लस घेतल्याचं कार्ड लागतं. डासांमुळे होणारा तो आजार, आपल्याकडे नाही. लस आम्हाला मुंबईला जाऊन घ्यावी लागे, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होई. संचालकांना मी दोन गाड्यांतून नेलं. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा आबांना विचारलं, "सोपानराव कुठं आहेत?"

"गाडीत जागा हाय का? त्याला पत्र टाका. यील त्याचा तो."

परत आल्यावर मी पत्र लिहिलं. सोपानरावांसाठी मराठीत. यलो म्हणजे पिवळा. माणसाला पिवळं करणारा आजार म्हणजे कावीळ. मी कुणाला विचारलं नाही. लिहिलं, 'कावीळ प्रतिबंधक दाखला सोबत आणावा.' मुंबईचा पत्ता घालायचाही राहिला. खाली सही केली.

निघायला सहा दिवस उरले असताना सोपानराव ऑफिसात आले. सरकारी दवाखान्याचा दाखला टेबलावर ठेवला. रक्त तपासले, कावीळ नाही. शिवाय गळ्यात कावीळ उतरवायची मुळ्यांची माळ.

"तुमी प्रतिबंधक लिवलंय, तर म्हटलं माळ बी घालून घ्यावी. तीन ऐतवार वैदूकडं गेलतो. डाक्टर म्हणाला, कावीळ न्हाई तर कावून आलास?"

सहा दिवसांत लस लागू होणार नव्हती. त्यांना बसवून मी मुंबईच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "दुबईमार्गे एक सीट आहे. तिकडून कार्ड लागत नाही. पण तासाभरात सांगा."

म्हणजे मार्ग होता. आबांना एवढंच सांगायचं होतं, की शब्द मी चुकवला, सोपानरावांना वेगळं पाठवतो. मी फोन लावला.

"आबा, सोपानरावांचं अडलंय."

"कावून?"

"भलताच दाखला आणला त्यांनी. कावीळ नसल्याचा, वर गळ्यात कावीळ उतरवायची माळ."

आबा हसले. "मला ठावंच होतं. राहू द्या त्याला घरी."

भलताच दाखला मीच मागितला होता. पण आणखी दोन संस्था पुढच्या वर्षी माझ्याकडे येणार होत्या, आणि मला कच्चा एजंट म्हणवून घ्यायचं नव्हतं. सोपानरावांना सांगितलं, नियम बदलला. उठताना त्यांनी माळ आता काढू का ठेवू, एवढंच विचारलं.

आफ्रिकेत सिंह तिसऱ्या दिवशी दिसला. झोपलेला. "उठवा की त्याला," आबा गाईडला मराठीत म्हणाले. गोठ्याच्या दिवशी चार संचालक ऊन लागतं म्हणून बसमधून उतरले नाहीत. बीडची माणसं! जीपमधल्या सातव्या सीटवर सगळे दिवस आबांची बॅग होती.

परतल्यावर वार्षिक सभेत आबांनी माळेचा किस्सा रंगवला. "आफ्रिकेला जायला गड्यानं कावीळ उतरवली!" मांडव हसला. मी पाहुण्यांच्या खुर्चीवर होतो. मीही हसलो. सोपानराव मागे उभे होते. त्या दिवसापासून त्यांचं नावच 'कावीळ' पडलं. त्यांनी डेअरीवर येणं सोडलं, दूध घालायला बायको येऊ लागली. संचालक म्हणून उभे राहा, असं म्हणणारेही गप्प झाले.

मागच्या उन्हाळ्यात, ऑफिस बंद करून बरीच वर्षं झाल्यावर, मी त्यांच्या वस्तीवर गेलो. सगळं सांगितलं. पत्राची कार्बन कॉपी पुढं ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला कावून सांगताव? मी कुठं हसलतो? हसले ते डेअरीवर येत्यात. तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळी मी डेअरीवर उभा राहिलो आणि सांगू लागलो. पत्र मी लिहिलं, शब्द मी चुकवला, दुबईची सीट होती ती मी आबांपासून लपवली. रांगेत कुणाला काही कळेना. "कोण आबा?" एकानं विचारलं. आबा जाऊनही काळ लोटला होता. "काका, बाजूला व्हा, दूध नासतंय," दुसरा म्हणाला. त्या सभेला असलेले दोघंच म्हातारे तिथं होते. त्यातल्या एकानं कानाला हात लावून विचारलं, "मंग कावीळ कुणाला झालती?"

सोपानरावांना जाऊन सांगितलं, की बोलून आलो.

"सभेतले किती होते?"

"दोघं."

"तवा मांडव भरलता," ते म्हणाले, आणि गोठ्याकडे गेले.

या धंद्यात येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. आजाराच्या नावाचं भाषांतर आपल्या मनानं करू नये, डॉक्टरला विचारावं. आणि आपली चूक दुसऱ्याच्या नावावर टाकली असेल, तर ऐकणारी माणसं शिल्लक आहेत तोवर परत घ्यावी. मला उशीर झाला, म्हणून हे छापायला दिलं आहे.