रेडिओवरचं गुरूबळ

माझं लग्न वर्षभर लांबणार होतं आणि त्याला कारण होता गुरू. मुलीला मी पसंत होतो की नाही, ते कोणी तिला विचारलंच नव्हतं. मी कापडे या तिच्या गावी तिला बघायला गेलो तेव्हा तिने पोह्यांची बशी माझ्यापुढे जरा आदळलीच होती. मला मात्र ती फार आवडली. पण भटजींनी पत्रिका बघून सांगितलं, मुलीला यंदा गुरूबळ नाही. तिला लहानाचं मोठं करणारे तिचे काका म्हणाले, "मंग फुडल्या साली बघू."

फुडल्या साली! तोवर मुंबईहून कोणी पर्मनंट नोकरीवाला टेरिलीनचा शर्ट घालून आला असता आणि मी महाडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत तसाच राहिलो असतो. मला भटजींचा भयंकर राग आला.

शाळेत येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं, की गुरू ग्रहावरून रेडिओलहरी येतात. झालं! पुढच्याच रविवारी बॅटरीवरचा रेडिओ आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन, पोलादपूरला एसटी बदलून, मी काकांच्या दारात हजर. तार खिडकीतून काढून परसातल्या फणसाला बांधली. तोकडी पडली म्हणून मध्ये एक तुकडा पीळ देऊन जोडला. दिवेलागणीला गुरू डोक्यावर होता.

मी काकांना समजावलं, "गुरू म्हणजे एक अवाढव्य लोहचुंबक. त्याच्या चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन अडकलेले असतात. ते चुंबकी रेषांभोवती गिरक्या घेत ध्रुवांकडे धावतात आणि त्या गिरक्यांतून रेडिओलहरी निघतात. त्याचा एक जवळचा चंद्र त्या क्षेत्रातून जाताना त्यांना आणखी रेटा देतो."

"म्हंजे चंद्र रेटतो नि गुरू बोंबलतो?"

"अगदी तसंच."

"नि नाय बोंबलला तर?"

"तर बळ नाही. मी गुमान परत जाईन. पुन्हा येणार नाही," मी बोलून गेलो. अशी अक्कल गहाण टाकलेली वाक्यं मला आयुष्यभर ऐन वेळी सुचत आली आहेत.

रेडिओ नुसता फुसफुसत होता. काटा फिरवून फिरवून माझी बोटं दुखायला लागली. मध्येच कोणी बाई चिनी भाषेत तावातावाने बोलली. काकांनी विचारलं, "ही कोन, गुरूची कारभारीन?" मला रडू यायचंच बाकी होतं.

एवढ्यात रेडिओ खवळला. खर्रर्र... थांबला. पुन्हा खर्रर्र... मासिकात लिहिलं होतं तसा, किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तसा आवाज! मी उडीच मारली. काका उठून आकाशाकडे बघायला परसात गेले. आवाज क्षणभर बंद पडला, मग जरा बेताने पुन्हा सुरू झाला.

काका आत येऊन म्हणाले, "बळ हाय. चांगलं दांडगं हाय. भटजीला मी सांगतो."

वैशाखात लग्न झालं. पुढे कितीतरी वर्षं मी प्रत्येक वर्गाला छाती फुगवून सांगत असे, की मी कापड्यात गुरू ऐकलाय. एकदा घरी पाहुण्यांपुढे हीच फुशारकी मारत होतो, तर बायको हसू आवरेना म्हणून स्वयंपाकघरात पळाली. पाहुणे गेल्यावर बोलली.

"अवो, फनसाखाली मी हुते. तुमचा तो पीळ दिलेला सांधा हलवत."

मी धपकन खाली बसलो. मग विचारलं, "आणि काका बाहेर आले तेव्हा?"

"बघतच राह्यले. मला वाटलं, आता काय आपली धडगत नाय. तर म्हनाले, 'जरा हळू गो. तार तुटली तर मास्तर जाईल परत.'"